मातीला शहराचं उष्टं

मृगाच्या दोन-तीन सरी झाल्या की नागपूरच्या नंदनवन भागातल्या रिकाम्या प्लॉटवर काळपट हिरवी साय धरते. मग ऊन पडलं की ती सुकते, तिच्या कडा वर वळतात, आणि कुणीतरी खराट्यानं ती खरडून टाकतं. मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास हे माझं काम. अशा ठिकाणी मी भिंग घेऊन बसतो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "काय पाहून राह्यले सर इतकं?" म्हटलं, "हे शेवाळ, काकू. जिवंत आहे हे." "जिवंत असो का मेलेलं, पाय घसरते बाप्पा त्याच्यानं!"

त्यातली एक खपली सुरीच्या टोकानं अलगद उचलून उलटी करावी. खालून केसाहून बारीक धागे लोंबत असतात आणि त्यांना मातीचे कण लटकलेले असतात. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजेच नीलहरित शेवाळ. धाग्याभोवती चिकट आवरण असतं. पाणी मिळालं की धागा त्यातून पुढे सरकतो. रिकामं आवरण मागे राहतं आणि कण बांधून ठेवतं. वरचा काळपटपणा बराचसा स्कायटोनेमिन या रंगद्रव्याचा. ते अतिनील किरण अडवतं. वाळलेले धागे महिनोन्महिने निपचित पडून राहतात आणि ओल लागली की थोड्याच वेळात जागे होतात. यांतल्या काही जाती हवेतला नायट्रोजन पकडून मातीला देतात. खत न घालता जमीन जगते, त्यात यांचा वाटा मोठा आहे.

वाळवंटात हा पापुद्राच जमीन राखतो. तिथे शेवाळाच्या जोडीला मॉस असतं आणि सावजी रश्श्यातल्या दगडफुलाचे मातीवर वाढणारे भाऊबंदही असतात. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग अशा पापुद्र्यानं झाकलेला आहे, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. नागपूर काही वाळवंट नव्हे. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उघड्या मुरमावर तेव्हा जी परिस्थिती असते, ती थर वाळवंटातल्या वाळूपेक्षा फार सौम्य नसते. काळ्या मातीचं दुखणं आणखी वेगळं. ती फुगते, आकसते, भेगाळते, त्यामुळे तिच्यावर मॉस आणि दगडफुलाच्या जातीचं काही बस्तान बसवू शकत नाही. सरकू शकणारे धागेच काय ते तग धरतात.

शहर या पापुद्र्याचं नुकसान करतं ते डोळ्यांना दिसतं: गाडीचं चाक, क्रिकेटचा खेळ, भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेले गट्टू. शेवाळ त्यातून काही वर्षांत सावरतं, दगडफुलाच्या वर्गाला कित्येक दशकं लागतात. मला मात्र जास्त काळजी वाटते ती हवेतून होणाऱ्या नुकसानीची, कारण ते मातीला अन्न मिळाल्यासारखं दिसतं.

कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान लॉस एंजेलिसपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. शहरातल्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड वाऱ्यानं तिथे पोहोचतात आणि वाळवंटावर खतासारखे पडतात. देशी झुडपं मुळात विरळ. त्यांच्यामधल्या उघड्या जागेवर पापुद्रा होता. खत मिळताच त्या जागी बाहेरून आलेलं गवत माजलं. गवत वाळलं की वणव्याला एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत सलग वाट मिळते, आणि वणव्याची सवय नसलेलं ते वाळवंट जळतं. पापुद्र्याच्या आतही काहीतरी बिघडतं. नॉस्टॉकसारख्या शेवाळात नायट्रोजन पकडण्यासाठी जाड भिंतीच्या खास पेशी असतात. आयता अमोनिया मिळाला की ते शेवाळ या पेशी घडवणंच सोडून देतं. शहराचं उष्टं खाणारी माती स्वतःचं कमावणं विसरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. अमेरिकेतल्या युटा राज्यात उन्हाळ्यात वारंवार, पण प्रत्येक वेळी जेमतेम सव्वा मिलिमीटर पाणी शिंपडून पाहिलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मॉस जवळजवळ नाहीसं झालं. ओलं होताच ते श्वसन सुरू करतं, साठवलेला कार्बन खर्चतं, आणि ती तूट प्रकाशसंश्लेषणानं भरून निघायच्या आतच पुन्हा वाळतं. बांधकामावर धूळ बसावी म्हणून भर उन्हात टँकर पाणी मारतो, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

आता आपल्याकडे पाहा. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याचे कोळशावर चालणारे वीज प्रकल्प, पूर्वेला भांडेवाडीचा कचऱ्याचा डोंगर, जो उन्हाळ्यात पेट घेतो, आणि मधून सांडपाणी वाहणारी नाग नदी. धुरातून नायट्रोजनचे ऑक्साइड, सांडपाण्यातून अमोनिया, कोळशातून राख. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा राखेचा तलाव फुटून राख शेतांत आणि नाल्यांत पसरली, ते सगळ्यांनी पाहिलं. रोज वाऱ्यावर येणारी राख मात्र कुणी पाहत नाही. ती बारीक असते, शेवाळावर थर धरते आणि त्याचा उजेड अडवते. पूर्व नागपुरातल्या पडीक प्लॉटवर गाजरगवत आणि तरोटा कमरेएवढा माजतो, त्याच्या सावलीत पापुद्रा उरत नाही. या माजण्यात हवेतून आलेल्या खताचा वाटा किती, हे मोजलं पाहिजे.

या शेवाळाची ताकद आपल्याच देशात दिसून आलेली आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचे प्राध्यापक आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये दाखवलं की उत्तर प्रदेशातल्या खारवट ऊसर जमिनीवर बांध घालून पावसाचं पाणी अडवलं आणि नीलहरित शेवाळ वाढू दिलं, तर ती जमीन पिकाखाली आणता येते. पाणी, उजेड आणि निवांत जागा एवढंच त्याला लागतं.

देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आमच्याच शहरात, अमरावती रोडवर आहे. पर्यावरणावर काम करणारी नीरीही इथलीच. शहरातली हवा मोजणारी केंद्रं आपण श्वासातून काय घेतो ते सांगतात. जमिनीवर काय पडतं, ते वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी फार खर्च नाही: पाऊस गोळा करायला नरसाळं आणि बाटली, सुक्या दिवसांत धूळ पडायला एक उघडं भांडं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नायट्रेट व अमोनियमची तपासणी. कोराडीपासून नंदनवनापर्यंत आणि पुढे उमरेड रोडनं शहराबाहेर, अशा एका ओळीत ही भांडी ठेवावीत. त्यांच्या शेजारी हातभर मुरूम कुंपण घालून, न खरडता, गट्टू न बसवता सोडावा. पाच पावसाळे हे नेटानं केलं, तर नागपूरचा धूर मातीत कुठपर्यंत पोहोचतो, ते नकाशावर दाखवता येईल.