इको केलं आणि चॅनेलवर उमटलं!

चॅट चॅनेलवर आपोआप संदेश टाकायचा तर टोकन मिळवा, लायब्ररी बसवा, बॉट लिहा, असंच मी आजवर धरून चालले होते. आणि मग ‘आयआय’ हा छोटा प्रोग्रॅम हाती लागला! इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दोनदा, एवढंच त्याचं नाव. टर्मिनलमध्ये एक ओळ ‘इको’ केली, ती एका फाइलीत ढकलली, आणि ओळ थेट आयआरसी या चॅट-व्यवस्थेच्या चॅनेलवर! ना खिडकी उघडली, ना बटण दाबलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केलं. पुन्हा उमटली!

त्याची मांडणी ऐकाच. आयआय सुरू केला की होम फोल्डरमध्ये ‘आयआरसी’ नावाची डिरेक्टरी तयार होते. तिच्यात सर्व्हरची डिरेक्टरी, आणि सर्व्हरच्या आत प्रत्येक चॅनेलची एकेक. प्रत्येकीत ‘इन’ आणि ‘आऊट’. इनमध्ये लिहाल ते चॅनेलवर जातं, चॅनेलवर कुणी बोललं की ते आऊटमध्ये साठतं. संपलं! आऊट ही साधी मजकुराची फाइल. इन मात्र फिफो आहे: एका टोकाने तुम्ही ओतायचं, दुसऱ्या टोकाने आयआय पिऊन घेतो, डिस्कवर काही उरत नाही. म्हणजे बघा, ग्रेप, टेल, सेड, क्रॉन ही माझ्या रोजच्या कामातली सगळी मंडळी एका क्षणात गप्पा मारायला लागली! बिल्ड कोसळला की शेवटची ओळ चॅनेलवर. गिटमध्ये कुणी कोड ढकलला की हुकमधून एक ओळ चॅनेलवर. कुठल्याही भाषेत लिहा; फाइलीत लिहिता आलं की झालं.

आयआरसी स्वतः १९८८ची. फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ती सुरू केली. आयआय बराच नंतरचा, अन्सेल्म गार्बे आणि निको गोल्डे यांनी लिहिलेला, सी भाषेतला, अगदी थोडक्या ओळींचा. तो कोड मी एका बैठकीत वाचला. आख्खा!

पण मला खरं वेड लावलं ते त्याच्या मॅन पानाने. किती छोटं, आणि तरी काहीच राहिलेलं नाही! पर्याय कोणते, डिरेक्टरी कशा बनतात, एकेका अक्षराच्या आज्ञा कोणत्या: चॅनेलमध्ये शिरायला जे, बाहेर पडायला एल, नाव बदलायला एन, विषय बदलायला टी. यात न बसणारी आज्ञा द्यायची असेल तर ती आयआरसीच्या नियमांप्रमाणे सर्व्हरच्या इनमध्ये सरळ लिहा, असं ते सांगतं. प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे करून बघता येतं. इतकं पडताळता येण्याजोगं डॉक्युमेंटेशन मी फार कमी पाहिलंय.

म्हणून मी लगेच मराठी टिपण लिहायला बसले! आणि लिहिताना अशा गोष्टी सापडत गेल्या की थांबवेना. चॅनेलच्या नावाच्या सुरुवातीला # असतं. बॅशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला # आलं की पुढचं सगळं टिप्पणी ठरतं. म्हणजे ‘सीडी’ पुढे चॅनेलचं नाव नुसतं लिहिलं तर तुम्ही निमूट होम फोल्डरमध्ये पोचता. नाव अवतरणचिन्हांत हवं. दुसरं, आयआय अचानक मेला आणि इन मागे उरली, तर पलीकडे वाचणारं कुणी नसल्याने इको तिथेच ताटकळत राहतो. हे टिपणात ठळक हवंच.

आणि तिसरं तर खास आपलं. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांचा, ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट त्यातलेच. ही मर्यादा आयआरसीचे नियम सांगणाऱ्या १९९३च्या आरएफसी १४५९ या दस्तऐवजातच लिहिलेली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘स्त्री’ घ्या: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. सहा चिन्हं, अठरा बाइट! आज्ञा, चॅनेलचं नाव आणि पाठवणाऱ्याची ओळख यांची जागा वजा केली की मराठीसाठी दीडशेच्या आसपास चिन्हं उरतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही भिंत सहसा जाणवतही नाही. आपल्याला ती दुसऱ्या वाक्यातच लागते. मग हे टिपून ठेवणार कोण? आपणच!

डेबियन किंवा उबुंटू वापरत असाल तर ‘ॲप्ट’ने आयआय आजच बसवा. आधी मॅन पान वाचा, मग स्वतःचं एक चॅनेल उघडून त्यात मराठीत एक ओळ ढकला. आणि जे अडेल ते मराठीत लिहून ठेवा, चालवून पाहिलेल्या आज्ञेसकट.