बोलावणे

पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्यांस बोलावून घ्यावे, ही रीत आमच्या डिचोली महालात जुनी आहे. मुंबईस चाकरीला गेलेला काका गावाकडील पुतण्यास आपल्या खोलीत जागा करून देई, आणि त्यासाठी पोस्टकार्डावरील दोन ओळी पुरत. आता बोलावणे इंग्लंडातून येते व त्यासाठी दाखल्यांचे गाठोडे लागते. हा फरक आम्ही आमच्याच घरी पाहिला, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहो.

आमच्या घरातील पहिले बोलावणारे म्हणजे आमचे आजोबा. ते स्वतः बेळगावच्या पलीकडे कधी गेले नाहीत, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यापूर्वी येथे जन्मलेल्यांस व त्यांच्या मुला-नातवंडांस पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तेथील नागरिकत्वाची नोंद करता येते. आजोबांचा जन्म १९४९ सालचा. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आधी त्यांचा जन्म, मग काकांचा, मग आमच्या चुलतबंधूंचा, अशी साखळी जोडावी लागली. पोर्तुगीज दप्तरात ‘नाईक’ हे आडनाव ‘क्यू-यू-ई’ने संपते, तर आजच्या शाळेच्या दाखल्यात ते ‘के’ने. मनुष्य एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी अशा वेळी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. ज्या दादांनी आम्हांस ध्वजवंदनाला ताठ उभे राहण्यास शिकविले, त्यांचे नाव डिचोलीच्या मतदारयादीतून गेले. आजोबा त्या दिवशी फारसे बोलले नाहीत.

दादा २०१६ साली स्विंडन या शहरी गेले. तेथे गोव्यातील माणसांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगालचे नागरिक म्हणून त्यांना तेथे राहण्यास वेगळा परवाना लागला नाही. पुढे ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि मुक्त संचाराची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क शाबूत राहिला. त्यांच्या आप्तांस मात्र एक अट लागू झाली : नाते त्या तारखेपूर्वीचे हवे. माता-पित्यांचे नाते तर जन्मापासूनचे. म्हणून काका-काकू दादांवर अवलंबून आहेत असे दाखविल्यास त्यांना या वाटेने जाता येते. पण दादांचा विवाह २०२२ साली झाला, म्हणून वहिनींसाठी ही वाट बंद झाली.

वहिनींकरिता दादांनी निराळ्या नियमाने अर्ज करावयाचा. त्यात बोलावणाऱ्याने आपले उत्पन्न दाखवावे लागते. ही किमान मर्यादा पूर्वी वर्षाला १८,६०० पौंड होती. गोदामातील कंत्राटी काम कधी असे, कधी नसे; त्या आकड्याची जुळवाजुळव होत आली, तोच ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. शिवाय पगाराच्या पावत्या हव्यात आणि संसार खरा असल्याचा पुरावा हवा. ज्या लग्नाला सारा वाडा जेवला, त्याची छायाचित्रे वहिनी तारीखवार लावून ठेवीत आहेत. दादा रात्रपाळी करतात. काकूंस जाणे शक्य असूनही त्या जात नाहीत. “सुनेला मागे ठेवून सासूने कसे जावे?” एवढेच त्या म्हणतात.

सरकारी भाषेत बोलावणाऱ्यास प्रायोजक म्हणतात. आम्हांस ‘जामीन’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. आजोबा आपल्या जन्माच्या नोंदीने जामीन राहिले, दादा रात्रीच्या श्रमांनी राहत आहेत, आणि काकू येथेच थांबून सुनेच्या बाजूने उभ्या आहेत. कायदा नात्याची तारीख विचारतो, ते त्याचे कामच आहे. ते नाते निभावण्याचे काम मात्र माणसांकडेच राहते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येकांस उद्या असे बोलावणे येईल. ते स्वीकारताना कोणी कोणी आपल्यासाठी जामीन राहिले हे ध्यानी ठेवावे, आणि पुढे आपली पाळी येईल तेव्हा मागे सरू नये.