नाण्यावरची आई

रोमच्या टर्मिनी स्टेशनाजवळ पलाझ्झो मासिमो नावाचे संग्रहालय आहे. बहुतेक प्रवासी वरच्या मजल्यांवरचे पुतळे आणि भित्तिचित्रे पाहून निघून जातात. नाणी तळघरात आहेत.

तिथे सम्राटांच्या रांगेत काही स्त्रियांचे चेहरेही भेटतात. त्यांतली यूलिया दोम्ना आपल्या ओळखीच्या गावची निघाली. सीरियातील हिम्स, जिथे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची मस्जिद आहे, ते तिचे माहेर. इस्लामच्या कितीतरी आधी तिथल्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याच्या घरात ती जन्मली. तिचा नवरा सेव्हेरस 193 साली सम्राट झाला.

सोन्याचे नाणे धनिकांच्या तिजोरीत राही. ब्राँझचे मात्र बाजारात हातोहात फिरे. राजघराण्याला लोकांना जे सांगायचे असे, ते त्यावर कोरले जाई. यूलियाच्या नाण्यांवर एका बाजूला तिचा चेहरा आणि लाटांसारखे विंचरलेले दाट केस. काही नाण्यांच्या मागे शब्द आहेत : सम्राटांची आई, सिनेटची आई, देशाची आई.

दुपारी वेलाब्रो भागातली सराफांची कमान पाहिली. सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी ती 204 साली या घराण्याच्या सन्मानार्थ बांधली. आतल्या बाजूला सेव्हेरस आणि यूलिया उभे आहेत. शेजारी धाकटा मुलगा गेता होता. आज तिथे नुसता खरवडलेला दगड आहे.

211 साली बाप वारला आणि दोघे भाऊ मिळून राज्य करू लागले. वर्ष संपण्याआधीच थोरल्या काराकाल्लाने धाकट्याला मारवले. त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो, की गेताने आईच्या कुशीतच प्राण सोडला आणि तिला रडण्याचीही मुभा नव्हती. गेताचे नाव आणि चित्रे जागोजागी पुसली गेली. आईची नाणी मात्र पडतच राहिली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. जवळच्यांना नवल वाटले, तेव्हा ही रहमत आहे, असे त्यांनी सांगितले.

नाण्यावर तीन वेळा 'आई' म्हणवल्या गेलेल्या त्या बाईला एवढी रहमतही कोणी मिळू दिली नाही. त्या खरवडलेल्या दगडासमोरून माझा पाय लवकर निघाला नाही.