मलिद्याच्या ताटाशेजारचा गुच्छ

आमच्या मुलीच्या साखरपुड्याचे एक छायाचित्र लोद, अश्दोद, ठाणे असे हिंडत हिंडत शेवटी आमच्याच फोनवर परत आले. पाठवणाऱ्या बाईंना ते आमच्या घरचे आहे याची कल्पना नव्हती. खाली त्यांनी विचारले होते, "आपल्या लोकांत हे चॉकलेटचे झाड कधीपासून आले? आणि मलिदा कुठे आहे?" मलिदा त्याच टेबलावर, गुच्छाच्या उजव्या हाताला होता. छायाचित्र काढणाऱ्याने तो कापला. पुष्कळांनी कृतीही विचारली, म्हणून दोन्ही गोष्टी एकदाच लिहून टाकतो.

आम्ही उभयता २००८ पासून बहरीनमध्ये आहोत. इथला यहुदी समाज अगदी लहान, पन्नासच्या आसपास, आणि बहुतेक घराणी मूळची इराकची. मनामातले त्यांचे सिनॅगॉग १९४७ च्या दंगलीत उद्ध्वस्त झाले. पुढे तिथे पुन्हा इमारत उभी राहिली, पण कितीतरी वर्षे मंडळी प्रार्थना घरीच करीत. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ते परत उघडले. आपल्या कोकणच्या चालीरीती त्या मंडळींना ठाऊक असण्याचे कारण नाही. मलिदा हा शब्द आम्हीच त्यांना समजावून सांगितला.

आई १९९४ साली धाकट्या मुलाबरोबर लोदला गेल्या. आम्ही ठाण्यात राहिलो, तिथून इकडे आलो. इस्रायलच्या पासपोर्टवर बहरीनला येणे तेव्हा शक्यच नव्हते. त्यामुळे आजी-नातीची भेट दर तीन-चार वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात, मुंबईत, आणि तीही गर्दीत. सप्टेंबर २०२० मध्ये करार झाला आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून बहरीन ते तेल अवीव थेट विमान सुरू झाले. जेमतेम तीन तासांचा प्रवास. मुलीचे लग्न ठाण्याच्या मुलाशी ठरले, तेव्हा साखरपुडा इथेच, आमच्या घरी करायचा, म्हणजे आईंना येता येईल, असे आम्ही ठरवले. तारीख मिळाली ती जून २०२२ ची. बहरीनचा जून म्हणजे काय हे इथे राहिलेल्यालाच कळेल. दारातून बाहेर पडले की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात.

मुलीला फळांच्या गुच्छाचा नाद कधी लागला ते सांगता येत नाही. इथे खजुरात बदाम भरून तो चॉकलेटात बुडवणे घरोघरी चालते. रमजानमध्ये रात्री उशिरा 'गबगा'ची जेवणे होतात, तिकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. शेजारच्या बाईंसाठी तिने पहिला गुच्छ केला, त्यांना आवडला, मग त्यांच्या बहिणीने मागितला. तेव्हापासून फ्रिजमधला आमचा खालचा खण गेला तो गेलाच. साखरपुड्याला फुलांऐवजी फळांचाच गुच्छ ठेवायचा, स्ट्रॉबेरी, द्राक्षे, खजूर, संत्री, अननस, सगळे काळ्या चॉकलेटात आणि वर पांढऱ्या रेघा, असा तिचा बेत होता.

पहिली तालीम साफ फसली. स्ट्रॉबेरी धुऊन, वरवर पुसून तिने पातेल्यात बुडवल्या. देठाखालचे दोन थेंब पाणी चॉकलेटात उतरले आणि क्षणात त्या गुळगुळीत चॉकलेटचा रवाळ चिखल झाला. पाव किलो चॉकलेट दोन थेंबांनी जाते, हे आम्हाला पटायला वेळ लागला. दुसऱ्या खेपेला फळे कोरडी केली, बुडवली, फ्रिजमध्ये घट्ट केली आणि कौतुकाने दिवाणखान्यात आणून ठेवली. दहा मिनिटांत सगळ्या गुच्छाला घाम फुटला. थंड वस्तूवर दमट हवा बसली, की पाणी सुटणारच. ते वाळल्यावर चॉकलेटवर साखरेचा पांढुरका थर उरला.

याच दिवशी संध्याकाळी आई विमानाने आल्या. घामेजलेला गुच्छ टेबलावर होता. प्रवासाचा शीण विसरून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक काडी फिरवून पाहू लागल्या. मुलगी कौतुकाची वाट पाहत उभी.

"हे फळ कुठलं?"

"द्राक्ष, आजी."

"आणि हे?"

"तो अननसाचा तुकडा आहे."

"मला तर सगळी एकसारखी काळी दिसतात. फळ दिसलं नाही तर ब्राखा कशावर म्हणायची? एलियाहू हन्नाबीच्या पुढ्यात फळांना बुरखे घालून उभं करणार होय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा साखरपुडा आईंच्या दृष्टीने नवस फेडण्याचा दिवस होता. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे त्यांनी नातीसाठी मलिदा बोलला होता. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि तापाने दवाखान्यात होती. तापातून उठली की एक आणि तिचे लग्न ठरले की एक, असे दोन मलिदे. पहिला त्याच वर्षी ठाण्यात झाला. दुसऱ्यासाठी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमानात बसल्या होत्या. मुलीला यातले अर्धेच ठाऊक होते. तिला एवढेच ऐकू आले, की आजीला तिचे काम आवडले नाही. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

दोन दिवस घरात फक्त कामापुरते बोलणे. आम्ही दोघे मधल्या मधे. एकदा वाटले गुच्छ रद्द करावा, एकदा वाटले आईंना समजवावे. खरे सांगायचे तर आम्हाला दोघींचेही पटत होते, आणि अशा वेळी माणूस कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

मधल्या दिवशी आईंना सिनॅगॉग पाहायचे होते. आपली जुनी माणसे सिनॅगॉगला मशीद म्हणतात, ती सवय लोदला जाऊनही सुटलेली नाही. ओळखीच्या मल्याळी ड्रायव्हरला त्यांनी हिंदीत सांगितले, "मसजिद ले चलो," आणि त्या भल्या माणसाने पहिल्याच मिनाराखाली गाडी उभी केली. त्या हसण्यात मुलगीही सामील झाली. परत येताना मुहर्रकचा हलवा घेतला. बहरीनी हलवा म्हणजे स्टार्च, साखर, केशर, वेलची आणि सुका मेवा. शुवैतर घराण्याचा हलवा तर पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. आईंनी बोटाने दाबून पाहिला. "हा आपल्या चिकाच्या हलव्याचा भाऊ दिसतो." मग गाडीतच त्यांनी नातीला विचारले, "रोश हशानाचा हलवा आपण नारळाच्या दुधात का करतो, ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हते. मटणाच्या जेवणावर गाईम्हशीचे दूध चालत नाही, म्हणून आपल्या बायकांनी गोडधोड नारळाच्या दुधावर बसवले. गव्हाचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा. मुलगी एकदम म्हणाली, "मग माझं चॉकलेट?" इथे आपल्या नियमाचे मांस सहज मिळत नसल्यामुळे आमच्या घरी एरवी मासेच असतात, पण त्या दिवसासाठी कोंबडीची व्यवस्था झाली होती. घरी येऊन पाकिटे तपासली, तर काळे म्हणून आणलेल्या चॉकलेटातही दुधाची पूड निघाली. कोंबडीच्या जेवणानंतर एकालाही त्या गुच्छाला हात लावता आला नसता. (पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विश्वास ठेवू नये. मागची बारीक अक्षरे वाचावीत. कोको, कोको बटर, साखर, लेसिथिन एवढेच असेल तर ठीक.) दुसरे चॉकलेट आणले. पांढऱ्या रेघा अर्थातच गेल्या, कारण पांढऱ्या चॉकलेटात दूध असतेच.

बुरख्याचा प्रश्न राहिलाच होता. पूर्ण झाकलेल्या फळावर ब्राखा कोणती, यावर जाणत्यांतही एकमत नाही. कुणी म्हणतात फळ मुख्य, कुणी म्हणतात चॉकलेटची शेहाकोलही वेगळी म्हणावी. आईंना त्या वादात रस नव्हता. रात्री अकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून पाहायला गेलो, तर आई ओट्याशी उभ्या, हातात खजुराची काडी, आणि शेजारी मुलगी पातेले धरून. "पाऊल भिजेल एवढंच बुडव. ओढा ओलांडताना लुगडं वर धरतात ना, तसं." खजूर खालून अर्धा काळा, वरून आपल्या मूळच्या सोनेरी रंगाचा. ती जात इथली 'खलास'. नाव ऐकून आई म्हणाल्या, "खलास कसला, पिशवी तर भरलेली आहे!"

उघडी बाजू आधी खायची, तिच्यावर फळाची ब्राखा म्हणायची, असे ठरले. मग कुठल्या काडीला कुठली ब्राखा यावरून दुसरी शाळा भरली. खजूर, द्राक्ष, संत्रे, सफरचंद यांना बोरे पेरी हाएत्स. केळे आणि अननस यांना हाअदामा, कारण ती झाडाची फळे नव्हेत. स्ट्रॉबेरीही हाअदामाचीच, हे मुलीला नवीन होते. तिने हाएत्सच्या काड्या उंच लावल्या आणि हाअदामाच्या खाली, जमिनीलगत. ही कल्पना तिची, आजीची नव्हे.

आता कृती. साठ काड्यांना आम्हाला पाऊण किलो चॉकलेट लागले. फळे आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी धुवावीत आणि पंचावर तासभर पसरावीत. संत्र्याच्या फोडींचे साल फाटू देऊ नये. सफरचंदाला लिंबू लावून पुसून घ्यावे. अननस फार पाणी सोडतो, म्हणून आम्ही शेवटी तो नुसताच लावला. केळे काळे पडते. ते मलिद्याच्या ताटातच, सालासकट बरे. चॉकलेटचा तिसरा हिस्सा किसून बाजूला ठेवावा. उरलेले गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवावे, पण वाफ आत जाऊ देऊ नये. खाली उतरवून त्यात कीस घालून ढवळत राहावे. २७-२८ अंशांवर आले की पुन्हा किंचित ऊब देऊन ३१-३२ वर आणावे आणि त्याच उबेत फळे बुडवावीत. एवढे केले तर चॉकलेट चकाकते, चटकन घट्ट होते आणि मोडताना कट्‌ असा आवाज येतो. नाही केले तर बोटांना चिकटते. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर ओठाखाली थेंब लावून पाहावा, जेमतेम गार लागला पाहिजे. घट्ट व्हायला फ्रिज नकोच. वातानुकूलित खोलीत पंधरा मिनिटे पुरतात. काड्या खोवायला स्पंजऐवजी पितळी तपेलीत कोबीचा गड्डा, खालून सपाट कापून. दुसऱ्या दिवशी त्याची भाजी झाली.

मधल्या जागा पानांनी भरायच्या होत्या. मलिद्याला सुगंधाच्या ब्राखेसाठी सबजा लागतो, तो इथे कुठून आणायचा ही आईंना लोदपासून काळजी. बहरीनमध्ये त्याच जातीची सुवासिक झुडुपे अंगणाअंगणात असतात. मशमूम म्हणतात, बायका केसांत माळतात. शेजारच्या बाईंनी ओंजळभर तोडून दिला. आईंनी वास घेतला आणि बराच वेळ ती ओंजळ खाली ठेवली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी दहा पुरुष जमले. मुलाकडचे पाच, आमच्याकडचे दोन, आणि इथल्या समाजातले तिघे मुद्दाम आले. ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती केळी, खजूर आणि सफरचंदे. एलियाहू हन्नाबीचे पद म्हटले गेले. मुलाच्या आजोबांनी एकेक फळ उचलून ब्राखा म्हटली. खजुराची पाळी आली तेव्हा ताटात भरपूर खजूर असताना त्यांनी हात लांबवून गुच्छातली काडी उचलली. त्यांना कुणी सांगितले होते की आपणच सुचले, हे आम्ही विचारले नाही. आई नातीकडे पाहत नव्हत्या. मशमूमची काडी सारखी करीत होत्या.

पाहुणे गेल्यावर आईंनी साठच्या साठ बांबूच्या काड्या गोळा केल्या, साबणाने धुतल्या आणि गच्चीत वाळवल्या. "टाकायच्या कशाला? लग्नाला होतील." आम्ही हसलो. इथे त्या काड्या चार आण्यांच्या मोलाच्याही नाहीत. त्या आईंनी सामानात बांधून लोदला नेल्या.

लग्न २०२३ च्या जानेवारीत ठाण्याला झाले, आणि त्या गडबडीत काड्या लोदलाच राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट विमान बंद पडले. आईंचे गुडघे आता मुंबईचा प्रवास करू देत नाहीत. फोनवर नातीची चौकशी झाली की त्या चॉकलेटचे विचारतात, आणि काड्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, मोजल्या आहेत, असे सांगतात.