चपळांची गळती

अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे सरकला की घरातली सगळ्यांत मानाची जागा माठाला मिळे. मधल्या खोलीत, वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूच्या ढिगावर तो बसवलेला असे, पोटाला भिजवलेलं फडकं गुंडाळलेलं. ते फडकं वाळू न देणं हे घरातल्या धाकट्या मुलीचं काम. नवा माठ दात शिवशिवतील असं पाणी देई. एक-दोन उन्हाळे काढले की पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजत, बाहेरून तो कोरडा ठणठणीत दिसू लागे आणि मग त्याची रवानगी गोठ्यात.

एकदा मे महिन्यात ती मुंबईला मावशीकडे गेली. तिथलं ऊन अकोल्यापुढे काहीच नाही, पण माठातलं पाणी मात्र कोमट. मावशीचा माठ तर कोरा करकरीत होता.

उलगडा झाला तो अकरावीत. पाण्याचे सगळे रेणू एकाच वेगाने पळत नाहीत. काही रेंगाळतात, बरेचसे मध्यम, थोडे भलतेच चपळ. शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत सटकतात ते बहुतेक हे चपळच. ते गेले की मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घसरते, आणि तापमान हे तरी या सरासरीचंच मोजमाप. एक ग्रॅम पाणी असं उडून जाताना सुमारे 580 कॅलरी उष्णता सोबत नेतं. मुंबईच्या दमट हवेत मात्र जितके रेणू बाहेर पडतात त्यातले बरेच परत पाण्यात येऊन पडतात, म्हणून मावशीचा माठ हतबल.

शास्त्रज्ञांनी हीच युक्ती पुढे कुठवर ताणली ते बऱ्याच वर्षांनी वाचून ती थक्क झाली. 5 जून 1995 रोजी अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या गटाने रुबिडियमचे अणू आधी लेझरने संथ केले, मग चुंबकीय सापळ्यात कोंडले आणि त्या सापळ्यातून चपळ अणूंना निवडून निसटू दिलं. मागे राहिले ते दोन हजारांच्या आसपास. त्यांचं तापमान केवल शून्याच्या, म्हणजे उणे 273.15 अंशांच्या, वर जेमतेम एका अंशाचा साठ लाखावा भाग. तिथे ते सगळे मिळून एकच अणू असल्यासारखे वागू लागले. सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 सालच्या कामावरून आइनस्टाइन यांनी या अवस्थेचं भाकीत केलं होतं. 2001 साली या प्रयोगाला नोबेल मिळालं. त्यात थोडा वाटा कुंभाराचाही धरायला हवा होता, असं तिचं मत आहे.

ती स्वतः भौतिकशास्त्राकडे गेली नाही. नर्सिंग केलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली, आणि थंडाव्याशी तिची गाठ पडली ती लशींमुळे. लस ठेवायची 2 ते 8 अंशांत. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान वहीत टिपायचं, रविवारीसुद्धा.

शाळेचं पुस्तक एवढंच सांगतं की गार केलं की रेणू मंदावतात. खरं आहे, पण किती मंदावतात? हवेतला नायट्रोजनचा रेणू 35 अंशांना सेकंदाला सुमारे 520 मीटर पळतो, 5 अंशांना सुमारे 500. फरक पाच टक्के वेगाचा, फार तर दहा टक्के ऊर्जेचा. मग एवढ्याशा फरकाने बाहेर नासणारं दूध फ्रीजमध्ये दिवसचे दिवस कसं टिकतं?

स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये याचं उत्तर मांडलं. रासायनिक क्रिया घडवतात ते सरासरी रेणू नव्हेत, ठरावीक मर्यादेच्या वर ऊर्जा असलेले मोजके रेणू. शाळेतल्या उंच उडीसारखं हे आहे: वर्गातल्या प्रत्येकाची उडी दोनच इंचांनी घटली तरी सर्वांत वरची दोरी ओलांडणारी पोरं दहाची एकावर येतात. ढोबळ हिशेबाने तापमान 10 अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग निम्मा होतो, 30 अंशांनी उतरलं की आठवा हिस्सा.

लशीही अशाच नासतात. तिला हे गणित कागदावर मांडावं लागलं नाही, ते लशीच्या कुपीवरच चिकटवलेलं असे. डिसेंबर 1995 मध्ये पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा ती नोकरीत मुरलेली होती. त्यानंतर काही वर्षांत पोलिओच्या कुप्यांवर एक खूण येऊ लागली: जांभळट वर्तुळात फिकट चौकोन. त्या चौकोनातले रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि रंग गडद होतो, तो कायमचा. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. फ्रीजमध्ये तो महिनोन् महिने फिकट राहतो, उन्हात लवकर काळवंडतो. हातगाडीवरून, सायकलवरून, एसटीतून आलेल्या कुपीचा सगळा प्रवास त्या ठिपक्यात नोंदलेला असे. भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला. त्या यशाचं श्रेय वाटताना या ठिपक्याचं नाव कोणी घेतलं नाही, ही तिची जुनी तक्रार.

जास्त थंडीही तितकीच घातक, हे मात्र लोकांना पटवणं कठीण. गावोगाव लस द्यायला, म्हणजे आउटरीचला, निघायच्या आधी आईसपॅक डीप फ्रीझरमधून काढून ओट्यावर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डचमळलं तरच तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जाई. सरळ फ्रीझरमधला पॅक उणे 20 अंशांचा असू शकतो. वितळू लागलेला मात्र 0 अंशांवर अडून बसतो. येणारी उष्णता तेव्हा रेणूंचा वेग वाढवण्यात नव्हे, बर्फातले बंध तोडण्यात खर्च होते, ग्रॅममागे 80 कॅलरी.

काही लशी एकदा गोठल्या की गेल्याच. पाण्याचे रेणू बर्फाची षट्कोनी घडण बांधताना बाकी सगळ्यांना फटींत ढकलतात. तिथे या लशींमधले ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात, ते वितळल्यावरही सुटत नाहीत. एका केंद्रावर थंडीच्या दिवसांत फ्रीजचा काटा भलतीकडे गेला, तेव्हा तिने संशयित कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी सोबत हलवून टेबलावर ठेवल्या. अर्ध्या तासात दोन्हींच्या तळाशी सारखाच पांढरा गाळ बसला. अख्खा साठा बाद करावा लागला.

निवृत्तीनंतर आता शेजारचे इन्सुलिन घेऊन येतात. परवा एक काकू आल्या. बाटली फ्रीझरच्या कप्प्यात राहून दगड झाली होती.

"सिस्टर, बर्फ वितळला की झालं ना पह्यलेसारखं? पाण्याचं तर होते."

"पाण्याचं होते काकू, याचं नाही होत. नवी आणा, अन् खालच्या खणात ठेवा."

काकूंना ते पटलं नव्हतं. बाटली दिसायला अगदी स्वच्छ होती. तिने ती मागून घेतली आणि आपल्याकडेच ठेवून घेतली, कारण महाग औषध कोणी फेकत नाही हे तिला ठाऊक आहे.