पाण्याची वाट

कोकणात वैशाख उतरणीला लागला की घरोघरी एकच लगबग सुरू होते. कौले परतली जातात, फुटलेली बदलली जातात, पन्हळी साफ होतात आणि परसातील चर पुन्हा खणले जातात. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढे पाणी अडवून धरणे कोणत्याही छपराला शक्य नाही, म्हणून इथला माणूस त्याला वाट करून देतो. मोटारीच्या छतातील विजेवर सरकणारी काच, म्हणजे सनरूफ, याच न्यायाने चालते. पूर्वी महागड्या गाड्यांत दिसणारी ही हौस आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही पुरवली जाते. परंतु दहा-बारा वर्षांनी तिथून पाणी झिरपू लागले की मालकाचा पहिला कल असतो तो फट बुजवण्याकडे. कोल्हापूरच्या एका व्यापारी कुटुंबानेही तेच केले होते. त्यातील चूक त्यांना उमगली ती मे महिन्याच्या अखेरीस, देवबागला.

गाडी बारा वर्षांची होती. घरातील कर्त्या पुरुषाने ती हौसेने घेतली होती. त्यांच्या पश्चात दोघा भावांनी नवी गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा पेढीचा जमाखर्च तीस वर्षे सांभाळणाऱ्या दिवाणजींना निवृत्तीच्या वेळी जुनी गाडी द्यावी, असे आईने सुचवले. किंमत नाममात्र ठरली. अडचण एकच होती. आदल्या पावसाळ्यापासून पुढच्या डाव्या आसनाखालचा गालिचा ओला होत असे आणि गाडीत कुबट वास येई. शहरातील एका दुकानाने काचेच्या रबराभोवती सिलिकॉनचा लेप लावून दिला, तरी गालिचा भिजतच राहिला. एका सर्व्हिस सेंटरने संपूर्ण सनरूफ बदलावे लागेल असे सांगून नव्या दुचाकीच्या किमतीएवढा आकडा पुढे केला.

धाकट्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. "दादा, काच कायमची चिकटवून टाकू. दिवाणजींना सनरूफ हवे कशाला? आणि ते काही तक्रार करणार नाहीत."

आई एवढेच म्हणाली, "ते तक्रार करणार नाहीत, म्हणूनच आपण विचार करायचा."

गाडी देण्यापूर्वीचा अखेरचा प्रवास म्हणून सारे जण फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण या मार्गाने देवबागला आले. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, सुरू व घरे, असे हे गाव. लेप लावल्यापासून कोणी काच उघडली नव्हती. इथल्या वाऱ्यासाठी नातवंडांनी ती हट्टाने उघडली. गाडी सुरूच्या झाडाखाली उभी होती. दुपारभर सुयांसारखी बारीक पाने आणि वाऱ्याबरोबर उडालेली रेती उघड्या छतात पडत राहिली. सायंकाळी नदीपलीकडे भोगव्याच्या बाजूने ढग चढले. काच मिटण्यासाठी बटण दाबले, तर ती निम्म्याहून अधिक सरकून थांबे आणि उलट मागे जाई. थोरल्याने पाच-सहा वेळा प्रयत्न केला. अखेर घरमालकांनी आणून दिलेल्या ताडपत्रीखाली गाडीने ती रात्र काढली.

सकाळी मालवणहून वयस्क मेकॅनिक आला. त्याचे पहिले वाक्य होते, "शेठ, आता बटन दाबू नकात." कारण सोपे होते. काचेच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे रूळ असतात. एकच मोटर दोन लवचीक केबल ढकलते आणि त्या काचेच्या दोन्ही कडा एकाच वेळी पुढे नेतात. अडथळा असताना जोर दिला तर एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि काच तिरकी अडकते. साफसफाईने सुटणारे काम मग खरोखरच मोठ्या खर्चाचे होते.

त्याने आधी कान दिला. बटण दाबल्यावर आवाजच येत नसेल, तर फ्यूज, बटण किंवा तारांचा जोड तपासायचा. खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि वीज पुढे जात नाही. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर दाते झिजले आहेत किंवा केबल सुटली आहे. काच संथ चालत असेल, तर आधी बॅटरी पाहायची. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आणि काच पुढे जाऊन माघारी फिरत असेल, तर मोटर बहुधा आपले कामच करते आहे. वाटेत कोणाचे बोट सापडू नये म्हणून अडथळा जाणवताच काच मागे घेण्याची योजना पुष्कळ गाड्यांत असते. इथे तेच घडत होते. लेपाचा एक तुकडा सुटून डाव्या रुळात पडला होता. जुने ग्रीस वाळून चिकट झाले होते आणि त्यात रेती रुतली होती.

त्याने रूळ कापडाने पुसले, कोपऱ्यांतील घाण जुन्या दातब्रशाने काढली आणि सनरूफसाठीच मिळणारे ग्रीस बोटाने अगदी पातळ लावले. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले की रेती त्याला पुन्हा चिकटते. रबरालाही खनिज तेल मानवत नाही, ते फुगते. त्याला सिलिकॉनचे मऊ वंगण द्यावे लागते. आतल्या दिव्याचे आवरण काढून मोटरीच्या दांड्यात ॲलन की घातली आणि हळूहळू फिरवून त्याने काच हाताने मिटवली. अशी सोय अनेक जुन्या गाड्यांत असते, मात्र मालकांना ती क्वचितच ठाऊक असते.

धाकटा म्हणाला, "काका, आता सारे रबर पुन्हा सील करून द्या. थेंबही आत यायला नको."

मेकॅनिकने काच थोडी उघडून भोवतालची पन्हळ दाखवली. "पाणी येतलाच, शेठ. तेका जावक वाट व्हयी."

सनरूफचे रबर पाऊस बव्हंशी परतवते, पण पूर्णपणे नाही. आत आलेले पाणी काचेभोवतीच्या पन्हळीत जमते. पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात. पुढच्या दोन काचेशेजारच्या खांबांतून आणि मागच्या दोन मागील खांबांतून खाली उतरून पाणी गाडीबाहेर सोडतात. या गाडीच्या पुढच्या डाव्या नळीचे तोंड त्या सिलिकॉनच्या लेपानेच बुजले होते. ज्या उपायाने पाणी थांबायचे, त्यानेच ते घरात वळवले होते. मुळात नळी तुंबली होती ती धुळीने, आणि लेपाने तिच्यावर झाकण बसवले.

त्याने प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओतून पाहिले. तीन नळ्यांतून ते लगेच गाडीखाली टपकले. चौथ्या कोपऱ्यात तळे साचले. लेप खरवडून काढल्यावर शेजारच्या मच्छीमाराकडून त्याने जाड तंगूस मागवला, त्याचे टोक काडीने तापवून गोल केले आणि तो नळीत अलगद सारला. तारेने नळी फाटते. हवेच्या जोराने ती जोडातून निसटते आणि मग सारे पाणी छताच्या अस्तरात उतरते. काही वेळाने चाकाजवळ काळपट गाळ पडला आणि मागोमाग स्वच्छ पाणी आले.

गालिचा उचलून खालचा फोम उन्हात वाळवला. आसनाखालून तारा जातात आणि तिथला ओलावा पुढे मोठे बिघाड करतो. शेवटी मेकॅनिकने गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बटण धरून ठेवून मोटरीला काचेच्या दोन्ही मर्यादा नव्याने शिकवल्या. काच एका दमात मिटली. त्याने दिवसाची मजुरी घेतली आणि न विचारता एक गोष्ट सांगितली: मागच्या उजव्या कोपऱ्यातील रबर कडक झाले आहे, ते या वर्षी बदलावे लागेल.

परतल्यावर धाकट्याने स्वतः ते रबर मागवून बसवून घेतले. गाडी देताना त्याने पेढीच्या कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. एकात झालेली कामे तारखेसह लिहिली. दुसऱ्यात राहिलेल्या उणिवा आल्या: उजवीकडचा रूळ किंचित झिजला आहे, गालिच्यावर डाग आहे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून पाहावे. आईने तो वाचायला मागितला आणि काही न बोलता थोरल्याकडे सही करण्यासाठी दिला.

दिवाणजींनी खातेवही तपासावी तसा तो कागद ओळीवर बोट ठेवून वाचला आणि घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. मग चष्मा काढून त्यांनी एकच चौकशी केली, "धाकटे शेठ, तो तंगूस कोल्हापुरात कुठे मिळेल?"