नळीतला खार

सदलग्याच्या आसपास साखर कारखान्यांना तोटा नाही. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, तिकडं शिरोळचा दत्त. त्यामुळं ऐंशीच्या दशकात आमच्याकडची आयटीआय झालेली पोरं मुंबईच्या टोलेजंग इमारतींत एसी प्लांटवर लागली, तेव्हा तिथलं निदान एक काम त्यांना ओळखीचं निघालं. नळ्या घासणं. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना रसाचा खार धरतो आणि वाफेची उष्णता रसापर्यंत पोचत नाही. मग कॉस्टिक सोडा उकळायचा नि ब्रश मारायचा. चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, कंडेन्सरमध्ये पाण्याचा खार धरतो आणि गॅसची उष्णता पाण्यात उतरत नाही. मग पातळ आम्ल फिरवायचं नि ब्रश मारायचा. एकीकडं साखर, एकीकडं गारवा, हात तेच.

थंड हवेचा धंदा तसाही माणसाच्या सुखासाठी सुरू झालेला नाही. विलिस कॅरियरनं १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती कागद दमट होऊन रंग सरकू नयेत म्हणून. इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणीत काम केलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, हे त्याला पाठ असतं.

तेव्हाचा प्लांट म्हणजे तळघर. नरिमन पॉइंटसारख्या ठिकाणी वर गालिचे, टाय, टेलेक्स. खाली पिस्टनचे कंप्रेसर धडधडत असायचे आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. दर तासाला लॉगबुक भरायचं: सक्शन, डिस्चार्ज, ऑइल प्रेशर, पाणी जाताना किती, येताना किती. थंड पाणी सात अंशांनी वर जायचं आणि बाराच्या आसपास परत यायचं. बावीस नंबरच्या गॅसवर हेड, म्हणजे डिस्चार्जचं प्रेशर, दोनशे-दोनशेदहा पौंडांवर असलं की चहा प्यायला मोकळीक. वर सरकू लागलं की पोरगा हाक मारायचा, “तात्या, हेड चढतंय.” तात्या म्हणजे प्लांटवरचे जुने ऑपरेटर. ते गेजकडं बघायचेसुद्धा नाहीत. “गच्चीवर जा आन् टॉवरचा पंखा फिरतोय का बघ. फिरत आसंल तर नळ्या भरल्यात.”

तात्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. बेअरिंग कोरडं पडतंय की व्हॉल्व्हची पट्टी मोडलीय, ते तेवढ्यात सांगायचे. हे जादूसारखं सांगितलं जातं. जादू कसली? एकाच यंत्राशेजारी पंधरा-वीस वर्षं बसलेल्या माणसाला त्याचा आवाज कळणारच.

गळती शोधायची तऱ्हा मात्र खरंच बघण्यासारखी होती. हॅलाइड टॉर्च म्हणजे छोटा दिवा, ज्योतीत तांब्याची चकती, बाजूनं हवा ओढणारी रबरी नळी. नळीचं टोक सावकाश एकेका जोडावरून फिरवायचं. हवा स्वच्छ असेल तोवर ज्योत फिकी निळी. गॅसचा वास लागला की हिरवी. नवख्याला तो हिरवा रंग इतका आवडायचा की तो मुद्दाम तिथंच नळी धरून बसायचा, आणि त्या धुरात विषारी वायू असतो म्हणून शिव्या खायचा.

ज्योत हिरवी व्हायची ती गॅसमधल्या क्लोरिनमुळं. आणि ओझोनचा थर खात होतं तेही हेच क्लोरिन. दुरुस्तीसाठी यंत्र उघडताना उरलेला गॅस सरळ हवेत सोडून द्यायची तेव्हा सगळीकडेच रीत होती, त्यामुळं जुन्या प्लांटरूमच्या आठवणी काढून डोळे पुसणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. १९८७ चा माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, २०१० उजाडताना बारा नंबरच्या जातीचे गॅस बंद झाले. जागी आलेल्या १३४ए मध्ये क्लोरिनच नाही. त्याच्यापुढं टॉर्च आंधळा. आता हातात इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असतो, तो टिवटिवतो.

आजची प्लांटरूम स्वच्छ आणि शांत असते. लोड कमी झाला की ड्राइव्ह आपोआप मोटरचा वेग उतरवतो. जुनं पिस्टनचं यंत्र टनामागं किलोवॅटभर वीज खायचं. आजचं चांगलं सेंट्रिफ्यूगल जवळपास निम्म्यात भागवतं. हा फायदा थोडाथोडका नाही, आणि कानाला स्क्रूड्रायव्हर लावून तो मिळाला नसता. लॉगबुकाच्या जागी पडदा आहे, आकडे सेकंदासेकंदाला पडतात. पूर्वी रात्रपाळीत डुलकी लागली की चार तासांचे आकडे एकदम, एकाच शाईत भरले जायचे. सुपरवायझरला ते कळायचं आणि तो सही करायचा.

गेलं ते दुसरंच. बसून असणारा माणूस गेला. देखभाल आता वार्षिक करारावर असते, दर खेपेला पोरगा नवा, एका दिवसात त्याच्या यादीत चार इमारती. तो फोटो काढतो, सही घेतो, सुटतो. पडद्यावर ‘फिल्टर चोक’ असं लाल अक्षरात आलेलं असतं, पण एएचयूच्या, म्हणजे मजल्यावर गार हवा फेकणाऱ्या यंत्राच्या, खोलीत कुणीतरी पाण्याचे जार नि मोडक्या खुर्च्या रचून दार अडवलेलं असतं. जार हलवल्याशिवाय फिल्टर धुता येत नाही. सेन्सरला जार दिसत नाहीत.

नळ्यांवरही उपाय निघालाय. स्पंजाचे रबरी गोळे पाण्याबरोबर कंडेन्सरमधून सोडतात. ते नळीची आतली बाजू पुसत जातात, जाळीत अडकतात, पुन्हा सुरुवातीला. कल्पना झकास आहे. गोळे झिजतात, काही हरवतात, म्हणून ते अधूनमधून बाहेर काढून मोजावे लागतात. आमच्याकडचा एक पोरगा पुण्याच्या एका आयटी पार्कात सध्या हेच करतो. परवा म्हणाला, “मामा, ॲपमध्ये सगळ्याला रकाना आहे, गोळे मोजायलाच नाही. ‘इतर’मध्ये लिहितो.”